अमेरिकेत ईएमटी व्हायचंय? परीक्षा पास होणं म्हणजे कार्ड मिळणं नव्हे

ॲम्ब्युलन्समध्ये रुग्णाला तातडीचे उपचार देणाऱ्या ईएमटीसाठी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) असलेली नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा पास झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला, पुण्याला फोन झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीला कळवून टाकलं की मी कामावर यायला तयार आहे. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "राज्याच्या कार्डाचा नंबर सांगा." मी रजिस्ट्रीचा नंबर सांगितला. "हा नाही, राज्याचा." राज्याचं माझ्याकडे काहीच नव्हतं. अर्जसुद्धा केलेला नव्हता. नव्या भरतीची ती बॅच माझ्याशिवाय सुरू झाली आणि पुढच्या बॅचसाठी मी नऊ आठवडे घरी बसले.

इथे आल्यावर करिअर बदलून ॲम्ब्युलन्सच्या कामाकडे वळू पाहणारे मराठी लोक आता बरेच दिसतात. कोणी एच-४ वरून (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालेली, कोणाचा मुलगा मेडिकल स्कूलच्या आधी अनुभव हवा म्हणून विचारतोय, कोणी भारतात नर्सिंग केलेलं. सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखे असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी कॅलिफोर्नियात आहे, त्यामुळे बारीक तपशील इथले आहेत. बाकी राज्यांत पायऱ्यांचा क्रम साधारण असाच, पण आकडे आणि फॉर्म वेगळे.

आधी ही मेख समजून घ्या

अमेरिकेत रुग्णाला हात लावायच्या आधी चार गोष्टी लागतात, आणि चारही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. मान्यताप्राप्त कोर्स केल्याचा दाखला शाळा देते. तुमची किमान पात्रता परीक्षेतून तपासून प्रमाणपत्र देते ती नॅशनल रजिस्ट्री. त्या राज्यात काम करायची कायदेशीर परवानगी राज्य देतं. आणि चौथी मान्यता तुम्ही ज्या सेवेत काम करणार तिथल्या वैद्यकीय संचालकाची, म्हणजे ज्या डॉक्टरांच्या लेखी नियमावलीखाली तुम्ही काम करता त्यांची. २०१९ च्या राष्ट्रीय स्कोप ऑफ प्रॅक्टिस मॉडेलमध्ये (कोणत्या पातळीने काय करायचं ते सांगणारा दस्तऐवज) ही चौकडी स्पष्ट मांडलेली आहे. चारातलं एक जरी नसलं तरी तुम्ही प्रवासी.

गोंधळ शब्दांमुळे होतो. काही राज्यं आपल्या परवानगीला 'सर्टिफिकेशन' म्हणतात, काही 'लायसन्स'. रजिस्ट्रीही 'सर्टिफिकेशन'च म्हणते. कोर्सच्या शेवटी शाळा जो कागद देते त्यावरही 'सर्टिफिकेट' छापलेलं असतं. आपण एकाच नावाचे तीन कागद हातात घेऊन बसतो आणि कोणी "सर्टिफिकेट आहे का" विचारलं की हो म्हणून मोकळे होतो.

रजिस्ट्री ही सरकारी कचेरी नाही. ओहायोतल्या कोलंबसमध्ये असलेली, १९७० साली सुरू झालेली ती ना-नफा संस्था आहे. अभ्यासक्रमाचे राष्ट्रीय मानदंड मात्र केंद्राच्या वाहतूक खात्याकडून येतात, आरोग्य खात्याकडून नाही! मला हे कळलं तेव्हा हसू आलं होतं. कारण असं की १९६६ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यू आणि अपंगत्वावर एक अहवाल काढला, त्याच वर्षी महामार्ग सुरक्षेचा कायदा झाला, आणि ॲम्ब्युलन्स सेवेचं काम रस्ते-वाहतूकवाल्यांकडे गेलं. त्याआधी अनेक गावांत ॲम्ब्युलन्स म्हणजे अंत्यसंस्कार करणाऱ्यांचीच गाडी असायची, कारण आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच होती.

१. पातळी ठरवा

राष्ट्रीय पातळ्या चार: ईएमआर (इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर), ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक. बोलताना लोक ॲम्ब्युलन्समधल्या कोणालाही पॅरामेडिक म्हणतात, तुम्ही म्हणू नका. पॅरामेडिकचा कोर्स हजाराहून जास्त तासांचा असतो आणि त्याला बहुतेक ठिकाणी आधी ईएमटी असावं लागतं. म्हणजे नवख्या माणसाची सुरुवात ईएमटीपासूनच.

ईएमटी काय करू शकतो? ऑक्सिजन, तोंडावाटे ग्लुकोज, छातीत दुखत असेल तर ॲस्पिरिन, ओपिऑइडच्या ओव्हरडोससाठी नालोक्सोन, तीव्र ॲलर्जीसाठी एपिनेफ्रिनचं ऑटो-इंजेक्टर, सीपीआर, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), रक्तस्राव थांबवणं, हाडं बांधणं, बाळंतपण. शिरेत सुई घालणं या पातळीच्या मूळ यादीत नाही. भारतात ज्यांनी वॉर्डात शेकडो सलाइनं लावलीत त्यांना हे जड जातं. एमबीबीएस झालेल्या एका ताईंना मी सांगितलेलं आठवतं: "तुम्हाला येतं हा मुद्दाच नाही. कार्डावर काय लिहिलंय तो मुद्दा आहे." भारतातली डॉक्टरकी किंवा नर्सिंग आहे म्हणून ईएमटीचा कोर्स माफ होईल या भरवशावर राहू नका.

२. नावाचा घोळ आजच मिटवा

ही पायरी कुठल्याही अधिकृत यादीत नाही. पण मराठी माणसाचे सगळ्यात जास्त दिवस हिच्यातच जातात, म्हणून वर घेतली.

आपलं नाव तीन पदरी. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, समजा 'सविता रमेश', आणि आडनाव वेगळं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना कारकून कधी 'सविता रमेश' हे अख्खंच पहिलं नाव म्हणून घालतो, कधी रमेश मधल्या नावात जातो. सोशल सिक्युरिटी कार्डवर तिसरीच तऱ्हा. कॉलेजमध्ये आपण नुसतं 'सविता' लिहितो, कारण प्राध्यापकांनी रमेश म्हणून हाक मारली की वर्गात हशा पिकतो.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर तुमचं ओळखपत्र आणि रजिस्ट्रीच्या खात्यातलं नाव ताडून पाहतात. जुळलं नाही तर परत पाठवतात, आणि भरलेली फी बुडण्याची पाळी येते. माझ्या वर्गातल्या एका गुजराती मुलाला असंच दारातून परतावं लागलं. माझं नाव योगायोगाने जुळलं, पण पुढे बोटांच्या ठशांच्या वेळी त्याच घोळाने मला गाठलंच.

तेव्हा एक ओळखपत्र पक्कं करा, शक्यतो राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावर जसं आहे तस्संच, एक अक्षर इकडचं तिकडं न करता, पुढचे सगळे फॉर्म भरा. कॉलेज, सीपीआर कार्ड, रजिस्ट्री, राज्य. लायसन्सवरच चूक असेल तर कोर्स सुरू होण्याआधी दुरुस्त करून घ्या.

३. व्हिसा

थोडक्यात सांगते, कारण यात मी वकील नाही आणि तुमचे व्हॉट्सॲपवरचे मित्रही नाहीत. एच-४ वर कोर्स करता येतो. पगारी नोकरीला ईएडी लागतं. एच-१बी वर तुम्ही फक्त प्रायोजक मालकाकडेच पगारी काम करू शकता. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावं. पर्यटक व्हिसावर आलेल्या भाचीला "येतेच आहेस तर कोर्स करून टाक" असं सुचवू नका, त्या व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही.

सापळा आहे तो स्वयंसेवेत. पूर्वेकडच्या बऱ्याच गावांत ॲम्ब्युलन्स स्क्वॉड स्वयंसेवकांवर चालतात आणि तिथे मराठी माणसं चांगली रुळलेली आहेत. पण ज्या कामाचे एरवी पैसे दिले जातात ते फुकट करणं ही कायदेशीर स्वयंसेवा ठरतेच असं नाही. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

४. कोर्स निवडा

कॅलिफोर्नियात ईएमटीचा कोर्स किमान १७० तासांचा असतो, त्यात प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे २४ तास आणि किमान १० रुग्णांशी संपर्क. कम्युनिटी कॉलेजात एक सत्र, खासगी शाळेत सहा-आठ आठवड्यांचा तुफान वेग. घरी लहान मूल असेल किंवा इंग्रजी ऐकायची सवय कमी असेल तर कॉलेजच बरं, असं माझं स्पष्ट मत. राज्यातल्या रहिवाशाला कॉलेजचं शुल्क प्रति युनिट ४६ डॉलर आहे, रहिवासी नसाल तर कितीतरी पटींनी वाढतं. तुमच्या व्हिसावर तुम्ही 'रहिवासी' धरले जाता का, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पैसे भरण्याआधी एकच खात्री करा: हा कोर्स राज्याने किंवा स्थानिक ईएमएस (तातडीच्या वैद्यकीय सेवेच्या) एजन्सीने मान्य केलेला आहे का. मान्यताप्राप्त शाळांची यादी राज्याकडे असते. 'संपूर्ण ऑनलाइन' अशी जाहिरात दिसली तर पान बंद करा. वाचन ऑनलाइन होतं, हाताचं काम होत नाही.

सीपीआर कार्डाबाबतही हेच. लागतं ते आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं किंवा रेड क्रॉसच्या त्याच पातळीचं. सामान्य नागरिकांसाठीचं हार्टसेव्हर कार्ड चालत नाही, आणि पुतळ्यावर हात न ठेवता घरबसल्या मिळालेलं तर नाहीच. आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी चौघांना याच कारणावरून परत धाडलं होतं.

५. लसी आणि टीबीची चाचणी

क्लिनिकल तासांसाठी हॉस्पिटलात पाऊल टाकण्याआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपेटायटिस-बी, धनुर्वात-डांग्या खोकल्याचा बूस्टर, फ्लू आणि टीबीची चाचणी यांचे कागद मागतात. लहानपणीची लसीकरण-वही आईच्या कपाटात असेल तर फोटो मागवून घ्या. नसेल तर रक्तातल्या अँटीबॉडी मोजणारी टायटर चाचणी करा. बऱ्याच ठिकाणी ती पुरते. हेपेटायटिस-बीची नेहमीची तीन डोसांची मालिका पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा पहिला डोस कोर्सची चौकशी करायच्या आठवड्यातच घेऊन टाका.

टीबीचं मात्र नीट वाचा. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला टोचून केली जाणारी त्वचेची चाचणी बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझ्या हातावर रुपयाच्या नाण्याएवढी गाठ आली, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांचं पत्र, आणि तेवढ्यात क्लिनिकलची माझी तारीख गेली. रक्तावरच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. पहिल्याच भेटीत तीच मागा, "मला बीसीजी दिलेली आहे" असं सांगून. आणखी एक: गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत लस घेतल्यावर काही आठवडे टीबीच्या चाचणीचा निकाल चुकू शकतो. दोन्ही एकाच दिवशी उरका, नाहीतर टीबीची आधी करा.

६. वर्गात मोठ्याने बोला

पुस्तक आपल्याला जड जात नाही. पाठांतरात आपण वस्ताद. अडतो ते कौशल्य-चाचणीत, कारण तिथे प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणायची असते.

माझा पहिला सराव असा झाला. जमिनीवर वर्गमित्र पडलेला, छातीत दुखतंय म्हणून कण्हतोय. मी हातमोजे घातले, आजूबाजूला पाहिलं, धोका नाही हे मनात नोंदवलं, गुडघ्यावर बसले, नाडी धरली. परीक्षक कागदावर फुली मारून म्हणाले, "संपलं." मी चकित. "जागा सुरक्षित आहे का ते तुम्ही पाहिलंच नाही." पाहिलं होतं हो! पण म्हटलं नव्हतं. त्यांच्या लेखी जे बोललं गेलं नाही ते झालंच नाही, आणि जागेची सुरक्षितता चुकवणं ही थेट नापास करणारी चूक. त्यानंतर महिनाभर मी स्वयंपाकघरात कुकरला सांगत होते: हातमोजे घातले, जागा सुरक्षित, रुग्ण एकच, आणखी मदत मागवते.

ऑक्सिजनचंही तसंच. नॉन-रीब्रीदर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी जोडलेला) मास्क लावायचा म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह उघडा, प्रेशर बघा, प्रवाह १५ लिटरवर आणा, मग बोट आतल्या झडपेवर ठेवून पिशवी टम्म फुगू द्या आणि त्यानंतरच मास्क चेहऱ्यावर. घाईत लोक मास्क आधी लावतात आणि रुग्ण रिकाम्या पिशवीतून श्वास ओढत बसतो. शिक्षकांनी एकदा मलाच तो रिकामा मास्क लावला होता. तीन श्वासांत धडा मिळाला.

सामान फार लागत नाही: सेकंदकाट्याचं घड्याळ (मोबाइल बघून नाडी मोजू देत नाहीत), बरा स्टेथोस्कोप, ट्रॉमा कात्री, पेनलाइट, काळे बूट, खिशात मावणारी वही. महागडा स्टेथोस्कोप घेऊ नका. चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणजे कमीच.

राइड-अलाँगच्या, म्हणजे विद्यार्थी म्हणून ॲम्ब्युलन्ससोबत फिरण्याच्या, दिवशी काढलेले फोटो कुठेही टाकू नका, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. चेहरा नसला तरी घराचा नंबर, गाडीची पाटी, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर यावरूनही रुग्ण ओळखता येतो. रुग्णाच्या गोपनीयतेचा हिपा कायदा इथे गांभीर्याने घेतात आणि विद्यार्थीदशेतच हकालपट्टी होऊ शकते.

७. नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा

कोर्स संपल्यावर रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा, ईएमटीची फी १०४ डॉलर भरायची, आणि तुमच्या शाळेच्या कार्यक्रम संचालकांनी तुम्ही कोर्स पूर्ण केल्याचं तिथे ऑनलाइन नोंदवायचं. ही शेवटची नोंद आपल्या हातात नसते. संचालक सुट्टीवर गेले की अर्ज तसाच लटकतो. शेवटच्या वर्गाच्या दिवशीच त्यांना विनंती करा आणि चार दिवसांनी नम्रपणे आठवण द्या. मंजुरी आली की ती ९० दिवस चालते, त्यात परीक्षा केंद्रात तारीख घ्या.

परीक्षा संगणकावर, दोन तास, किमान ७० आणि कमाल १२० प्रश्न. प्रश्न तुमच्या उत्तरांनुसार बदलत जातात, त्यामुळे पास होणाऱ्यालाही आपण नापास होतोय असंच वाटतं. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. मध्येच, समजा ८४ व्या प्रश्नाला, पडदा बंद झाला तर घाबरू नका. संगणकाचा तुमच्याबद्दलचा निर्णय झाला एवढाच त्याचा अर्थ.

२०२५ च्या एप्रिलपासून परीक्षेचा साचा बदलला. आता साधारण ४० टक्के वजन प्राथमिक तपासणीला, म्हणजे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण यांतला जिवावरचा धोका पहिल्या मिनिटात ओळखण्याला आहे. जुन्या पुस्तकांतली प्रकरणनिहाय तयारी त्यामुळे तोकडी पडते. प्रश्नात चारही उत्तरं बरोबर वाटतील, विचारलेलं असेल 'सर्वांत आधी काय'. उत्तर बहुतेकदा साध्या, कंटाळवाण्या गोष्टीत दडलेलं असतं: श्वासमार्ग मोकळा करा.

नापास झालात तर १५ दिवस थांबून पुन्हा बसता येतं. तीनदा झालं तर पुढच्या प्रयत्नाआधी जादा प्रशिक्षण घ्यावं लागतं.

८. राज्याचं कार्ड

इथेच मी चुकले. निकाल ऑनलाइन दिसतो, नाव रजिस्ट्रीवर झळकतं, आणि आपल्याला वाटतं झालं. राज्याला मात्र तुम्ही अजून अस्तित्वातच नसता.

कॅलिफोर्नियाची गंमत अशी की पॅरामेडिकचा परवाना राज्याची ईएमएस ऑथॉरिटी देते, पण ईएमटीचं प्रमाणपत्र देते स्थानिक एजन्सी, बहुधा तुमच्या काउंटीची (जिल्ह्याची). कुठल्याही स्थानिक एजन्सीकडून घेतलं तरी ते राज्यभर चालतं. वय १८ पूर्ण हवं. टेक्सासमध्ये राज्याचं आरोग्य खातं थेट देतं आणि ते चार वर्षं चालतं, इथे दोनच. म्हणून ऑस्टिनच्या चुलत भावाचं ऐकून इथला अर्ज भरू नका.

अर्जाला मला लागलेले कागद:

- ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर
- कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. त्यावर शाळेचा मान्यता क्रमांक आणि तारीख हवी. निकालपत्रक चालत नाही
- रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र
- मुदतीतलं बीएलएस कार्ड, दोन्ही बाजू
- लाइव्ह स्कॅनच्या फॉर्मची प्रत
- फी. ती काउंटीनुसार बदलते आणि परत मिळत नाही
- जुन्या गुन्ह्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं, लागू असल्यास कोर्टाच्या कागदांसह

शेवटच्या ओळीवर थोडं थांबते. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस असेल आणि वकिलाने "मिटली" सांगितलं असेल, तरी प्रश्न नीट वाचून खरं लिहा. ठशांतून ती निघतेच. जुनी चूक एखादे वेळी समजून घेतली जाते, लपवाछपवी घेतली जात नाही.

आता लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे डिजिटल ठसे, जे राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात. कॉलेजसाठी किंवा मुलांच्या शाळेत स्वयंसेवक होण्यासाठी दिलेले ठसे इथे चालत नाहीत, कारण प्रत्येक फॉर्मवर मागणाऱ्या संस्थेचा कोड असतो आणि अहवाल फक्त त्याच संस्थेला जातो. एजन्सीच्या संकेतस्थळावरचाच फॉर्म छापून न्या. माझे ठसे पहिल्यांदा 'अस्पष्ट' म्हणून परत आले. वर्षानुवर्षं भांडी घासून, त्यात थंडी आणि सॅनिटायझर, बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. ठसे घेणाऱ्या माणसाने सांगितलं, आठवडाभर रात्री क्रीम लावा आणि येण्याच्या दिवशी लावू नका. दुसऱ्यांदा रेषा उमटल्या, पण फॉर्मवर मी मधलं नाव गाळलेलं, म्हणून तिसरी फेरी. दोनदा ठसे नाकारले गेले तर नावावरून तपासणी करण्याची विनंती करता येते, हे मला नंतर कळलं.

क्रमाचा फायदा घ्या: लाइव्ह स्कॅन परीक्षेच्या निकालाची वाट न बघता उरकता येतो का, हे आपल्या एजन्सीला विचारा. आणि कार्ड मिळालं की राज्याच्या सार्वजनिक नोंदवहीत स्वतःचं नाव शोधून बघा. मालक तिथेच बघतो.

९. कामावर रुजू होताना

ॲम्ब्युलन्स चालवायची असेल तर कॅलिफोर्नियात डीएमव्हीचं (राज्याच्या मोटार-वाहन खात्याचं) वेगळं ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर प्रमाणपत्र लागतं: लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, आणि हो, पुन्हा ठसे. बहुतेक खासगी कंपन्या हे असल्याशिवाय घेतच नाहीत, कारण दोघांच्या क्रूमध्ये दोघांनाही गाडी चालवता यावी लागते. नुकतंच अमेरिकन लायसन्स मिळालेल्यांनी हेही बघावं की कंपनी किती वर्षांचा इथला ड्रायव्हिंग इतिहास मागते. भारतातली पंधरा वर्षं तिथे धरत नाहीत.

फेमाचे (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे) आयसीएस-१०० आणि आयएस-७०० हे मोफत ऑनलाइन कोर्स बऱ्याच ठिकाणी मागतात. दोन संध्याकाळी लागतात, करून ठेवा.

पहिली नोकरी बहुधा सायरनवाली नसते. डायलिसिसला आजोबांना न्यायचं, हॉस्पिटलातून नर्सिंग होमला आजींना सोडायचं. कंटाळवाणं म्हणून नाक मुरडू नका. माझ्या पहिल्या आठवड्यात एका आजींनी स्ट्रेचरच्या कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. मी त्यांना सांगितलं की आता डावीकडे वळण आहे, आता खड्डा येईल, आता थांबतोय. पुढच्या खेपेला त्यांनी मीच हवी म्हणून सांगितलं. उचलायची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून नीट: पाय वाकवा, पाठ नाही, आणि वजन झेपत नसेल तर आणखी माणसं मागवा. लाजून गप्प बसलेल्यांच्या पाठी गेलेल्या मी पाहिल्यात.

१०. नूतनीकरण, आणि राज्य बदललं तर

दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत वेगळी पळते. रजिस्ट्रीचं दर दोन वर्षांनी ३१ मार्चला संपतं आणि त्यासाठी ईएमटीला ४० तासांचं पुढचं शिक्षण लागतं: २० राष्ट्रीय विषयांचे, १० स्थानिक, १० स्वतःच्या पसंतीचे. कॅलिफोर्नियाच्या कार्डाला २४ तास आणि कौशल्य-पडताळणीचा सही केलेला फॉर्म. तेच तास दोन्हीकडे दाखवता येतात, पण अर्ज दोन. काही जण राज्याचं कार्ड आहे म्हणून रजिस्ट्री सोडून देतात. मी सोडली नाही, कारण नवऱ्याची नोकरी कधी कुठे हलेल सांगता येत नाही आणि दुसऱ्या राज्यात जाताना रजिस्ट्रीच उपयोगी पडते.

ईएमएस कॉम्पॅक्ट नावाचा आंतरराज्य करार आहे, टेक्सास, व्हर्जिनिया, कोलोराडो त्यात आहेत, कॅलिफोर्निया नाही. तो कामानिमित्त थोड्या काळासाठी सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आहे. बिऱ्हाड हलवून दुसरीकडे कायमची नोकरी करायची तर तिथल्या राज्याकडे नवा अर्ज, नवे ठसे.

पत्ता बदलला तर रजिस्ट्री आणि एजन्सी दोघांनाही कळवा. आणि बोटांना क्रीम लावायला आठवडाभर आधी सुरुवात करा.